पेढ्याखालचं मशीन

कुठल्याही कॉम्प्युटरजवळ गेला की तो आधी मागच्या पंख्यापाशी नाक न्यायचा आणि तोंड वाकडं करून म्हणायचा, "शी! घाण, नुसती घाण!" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कोपरीच्या आमच्या डेटा एंट्रीच्या ऑफिसात तो कॉम्प्युटरची देखभाल करायचा, आणि त्याला आमच्या चहाच्या कपांची, तेलकट बोटांची, कीबोर्डमध्ये सांडलेल्या फरसाणाची किळस यायची. मला त्याचा संताप यायचा. पण कीबोर्ड उलटा केला की फरसाण खरंच पडायचं.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्याने एका मशीनवर लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम चढवली. आम्ही टाइप केलेलं सगळं तिथे जमा व्हायचं. आणि नेमकं तेच मशीन कधीही, मधेच बंद पडायला लागलं. केलेलं काम पुन्हा करायचं म्हणजे जिवावर यायचं.

"फुकटची वस्तू अशीच असणार," शेठ म्हणाले. "शनिवारपर्यंत नीट झालं नाही, तर लिनक्सही जाईल आणि तूही."

"दोष लिनक्सचा निघाला, तर मीच जातो." त्याच्या कल्याणच्या घरी म्हातारी आई आणि दोन पोरं होती, तरी बोलून बसला.

मग तो मशीनच्या मागे हात धुऊन लागला. रॅमच्या पट्ट्या बदलल्या, हार्ड डिस्क तपासली. मशीनने ठेवलेल्या नोंदी वाचून मला म्हणाला, "लिनक्स कुरकुर करून मरतं रे. हे काहीच बोलत नाही. याचा करंटच कुणीतरी तोडतंय."

त्याने पॉवर सप्लायचा डबा उघडला. आत झुरळं. काही जिवंत, काही करपलेली, आणि त्यांच्यामध्ये पेढ्याचा चिकट चुरा. शेठ रोज सकाळी मशीनला उदबत्ती ओवाळून वर पेढा ठेवायचे. त्याचा चुरा पडायचा फटींतून आत.

आमच्या कपाला हात न लावणाऱ्या या माणसाने एकेक झुरळ चिमटीत धरून काढलं. घरून आणलेल्या दाढीच्या ब्रशने आतली जाळी पुसली, नवा सप्लाय बसवला. मला त्याची फार माया वाटली. पुढचे दिवस मशीन एकदाही बंद पडलं नाही.

शनिवारी तो म्हणाला, "शेठ, पेढा तेवढा दुसरीकडे ठेवा."

"म्हणजे माझ्या देवामुळे मशीन बंद पडतं?"

"देवामुळे नाही हो, झुरळांमुळे."

"शेठ, मी स्वतः पाहिली," मी म्हणालो.

"तू गप्प बस," शेठ मला म्हणाले, मग त्याच्याकडे वळले. "आणि तू, सोमवारपासून येऊ नकोस."

त्याने कॅबिनेटचा शेवटचा स्क्रू आवळला, साबणाने हात धुतले आणि गेला. त्या दिवशी मला त्या ऑफिसची जी शिसारी आली, ती आजही आहे.

सोमवारी शेठनी लिनक्स काढून दुसरी सिस्टिम टाकून घेतली आणि वर ताजा पेढा आला. दिवाळीनंतर मशीन पुन्हा बंद पडायला लागलं. शेठ म्हणाले, "यंत्रच ते, चालायचंच." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पहिल्या पानापासून पुन्हा टाइप करायला घेतलं.