पिंजऱ्यातली हळद

वनमाला नशीबवान आहे, असं युसूफ वडगाव या तिच्या गावानं ठरवून टाकलं होतं, आणि गावानं एकदा ठरवलं की माणसाला दुसरं काही म्हणायची सोय राहत नाही. ऊसतोडीच्या खोपीत जन्मलेली ही बाई आता मांजरसुंब्याजवळच्या एका संशोधन केंद्रात पगारावर होती. काम काय, तर उंदीर सांभाळायचे. "आमी जलमभर उंदरं मारली, हिला ती पाळायचा पगार!" असं तिची सासू विमलबाई दारोदार हसून सांगायची.

उंदरांच्या खोलीला खिडकी नव्हती. दारं दोन, पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नसे. हे पांढरेशुभ्र उंदीर जन्माआधीच एक जनुक बदलून तयार केलेले. पाठीवरचे केस काढून औषध लावलं की त्यांच्या कातडीवर गाठी उठत. "माणसाला कातडीचा कॅन्सर कसा होतो ते यांच्यावरून कळतं," असं तिथल्या संशोधक मंजुषा मॅडमनी तिला समजावलं होतं. वनमालाला ते पटायचंही. तरी औषध लावताना ती रोज मनातल्या मनात माफी मागायची.

नोकरी सोडते म्हणाली की नवरा भारत चिडायचा. "येकदा सुटलीस उसातून. पुन्यांदा फडात न्हाई नेणार तुला." ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात; बायकोवाचून मुकादम त्याला अर्धा कोयता म्हणायचा, पैसेही अर्धेच द्यायचा, तरी तो एकटाच जायचा. एवढं करणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

त्यात एका उंदरीला पिंजऱ्यातल्याच दुसरीनं मानेवर चावलं. जखम चिघळली. "मॅडम सोमवारी येत्यात, तवर हात लावू नगं," बरोबर काम करणारा सोमेश्वर म्हणाला. पण वनमालाला बघवेना. फडात कोयता लागला की मूठभर हळद दाबायची आणि पुन्हा मोळी बांधायची, एवढंच औषध तिला ठाऊक. दुसऱ्या दिवशी तिनं पदराच्या गाठीतून तेलात कालवलेली हळद नेली आणि हलक्या बोटानं लावली.

त्याच्या पुढच्या सकाळी बघते तर पिंजऱ्यातल्या पाचही उंदऱ्यांची तोंडं पिवळी. एकमेकींना चाटून मोकळ्या! ओल्या कापसानं पुसून पुसून ती घामाघूम झाली, पण हळदच ती, जाते कुठं? गेली आता नोकरी, तिच्या मनात आलं. आणि खरं सांगायचं तर क्षणभर तिला हलकं वाटलं. मग भारत आठवला आणि तिनं पुन्हा कापूस ओला केला.

सोमवारी मॅडमनी पिंजरा बघताच आवाज चढवला. "सोमेश्वर, हे काय केलंस?"

"त्यानं न्हाई, म्या लावली," वनमाला पुढं झाली. "लई चिघळलं व्हतं वो."

मॅडम तिच्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "हळदीनं गाठींची वाढ बदलू शकते, ताई. या पाच आता अभ्यासात चालणार नाहीत."

"मंग माळावर सोडून येते."

"जनुक बदललेला प्राणी बाहेर सोडता येत नाही." त्यांनी पिंजऱ्याचं झाकण लावलं. "तुमची नोकरी राहील. खरं बोललात तुम्ही. पण यांना आता संपवावं लागेल. गॅसच्या पेटीत यांना तुम्हीच ठेवा. तुमच्या हातात त्या घाबरत नाहीत."

वनमालानं एकेक उचलली. चावलेली शेवटी. तिची जखम सुकून छान खपली धरली होती. वनमालानं तळहात पुढं करताच ती आपण होऊन चढून बसली.

संध्याकाळी भारतचा फोन आला. "नोकरी ठीक हाय ना?"

"हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी नवा पिंजरा आला. तिनं झाकण काढलं, तशी एक उंदरी वास घेत घेत तिच्या हातावर आली. "आसं भरवशानं नगं येऊ बाई," वनमाला म्हणाली, आणि दोन्ही दारं लागलेली असल्यानं तिला मोठ्यानं रडता आलं.