घुशीच्या बिळातलं धान

चंद्रपुरात जुन्या परकोटाच्या भिंतीला लागून आमच्या वस्तीचा एक बगीचा आहे. बगीचा म्हणजे चार बाक, एक मोडकी घसरगुंडी आणि एक मोठा कडुनिंब. बायको गेल्यापासून माझी सकाळ तिथेच जाते. घरी बसून करायचं काय? भिंतींशी भांडता येत नाही.

भांडायची मात्र मला खोड आहे. बगीच्यात घुशी झाल्या तेव्हा ती चांगलीच फोफावली. घुशींनी बाकांखालची माती पोखरली, पायवाट खचली, एका लहान मुलीचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. मग मी खरकटं टाकणाऱ्यांना बोललो, पाणीपुरीवाल्याला बोललो आणि समोरच्या घरातल्या बाईंना तर सगळ्यांदेखत बोललो. त्या गाईसाठी शिळी पोळी बगीच्याच्या फाटकाशी ठेवत. बायकोची ती एकुलती एक मैत्रीण. बायको गेल्यावर बाकावर बसून माझ्याशी दोन शब्द बोलणारं तेवढंच माणूस उरलं होतं.

"बाई, तुम्हीच घुशी पोसून राह्यल्या," मी म्हणालो.

त्यांनी पोळी उचलून पदराखाली घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून बगीच्यात येणंच सोडलं. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. पण माघार घेईल तो मी कसला.

त्याच कडुनिंबाला मी धानाचा झुबका टांगला होता. आमच्या धानाच्या मुलखात कापणी झाली की लोंब्या गुंफून दाराशी टांगतात, चिमण्यांसाठी. बायको दरवर्षी माहेरच्या लोंब्या मागवून झुबका करायची आणि जुन्या साडीचा काठ फाडून वरून बांधायची. तिने शेवटचा केला त्याला हिरव्या साडीचा लाल काठ होता. तेराव्यानंतर तिच्या साऱ्या साड्या मी नातलगांना वाटून टाकल्या, कारण डोळ्यांसमोर नको वाटत होत्या. राहिला तो एवढाच काठ. दाराशी चिमण्या फिरकेनात म्हणून झुबका मी बगीच्यात नेला. लोंब्या संपल्या की मेहुण्याने पाठवलेल्या पोत्यातल्या नव्या खोवायचो. दर आठवड्याला त्या संपत, आणि मी खूश. चिमणी एकही दिसायची नाही, पण मी म्हणायचो, माझ्या आधी येऊन जात असतील.

एके दिवशी झुबकाच गायब झाला. मी पोरांवर संशय घेतला, दोघांना दटावलंही.

घुशींना औषध घालायला लोक तयार नव्हते. मागे त्यात वस्तीतला एक कुत्रा मेला होता. जवळच एका घराचं बांधकाम चाललं होतं. तिथे धानोऱ्याकडचा एक म्हातारा मजूर होता. तो म्हणाला, आमच्याकडे कापणीनंतर बांधांवरची बिळं खणतात, मी खणून देतो. मजुरीचं त्याने नावच काढलं नाही. अट एकच.

"बिळात जे भेटन ते खणणाऱ्याचं. धुऱ्याच्या, म्हंजे बांधाच्या, मालकानं मांगायचं नाई. आमच्यात असंच हाये."

आम्ही हसलो. शहरातल्या बिळात काय सापडणार, प्लास्टिकची पन्नी? मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "भाऊ, जे निंघन ते सारं तुमचं."

रविवारी सकाळी सारी वस्ती जमली. बाईही फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हाताऱ्याने दोन सोडून बिळाची बाकीची तोंडं दगडमातीने बुजवली, एका तोंडाशी जाळी लावली आणि फुटक्या मडक्यात पालापाचोळा पेटवून दुसऱ्या तोंडातून धूर आत फुंकला. पाच घुशी जाळीत आल्या. मग तो कुदळीने खणत बाकाखाली गेला, हात खांद्यापर्यंत आत घातला आणि ओंजळ बाहेर काढली.

धान होतं. एकापाठोपाठ एक ओंजळी निघाल्या. शहराच्या मधोमध, कोठीत भरावं तसं धान. लोक टाळ्या वाजवायला लागले. शेवटी त्याच्या हाताला एक चिंधी लागली. मातीने मळलेली, कडेने कुरतडलेली, लाल.

मी ती लगेच ओळखली. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलो.

बाई पुढे आल्या. चिंधीकडे पाहून त्यांनी मला हळूच विचारलं, "भाऊ, हा वयनीच्या साडीचा काठ नाई का?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. ज्यांना मी बोललो होतो ते सगळेच.

"नाई," मी म्हणालो. "माह्या घरचं नाई ते."

म्हाताऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग धान पिशवीत भरलं आणि तोंड बांधायला तीच चिंधी घेतली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी बांधकामावर गेलो तर तो पहिल्या बसने गावी गेला होता. कापणी सुरू झाली होती, परत येईल की नाही कुणाला ठाऊक नव्हतं. मी तसाच बाईंच्या दारी गेलो. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या.

"बाई, तो काठ तिचाच होता. घुशी मीच पोसल्या."

"मले मालूम हाये, भाऊ." त्यांनी सूप खाली ठेवलं. "तवाच काऊन नाई म्हटलं? त्यानं देऊन टाकला असता ना."

त्या 'बसा' म्हणाल्या, चहाही विचारला. पण माझ्याच्याने बसवलं नाही.

बगीच्यात आता घुशी नाहीत. बाई पुन्हा बाकावर येतात म्हणे. मीच जात नाही. यंदाही मेहुण्याने लोंब्या पाठवल्या. मी झुबका केला, सुतळीने बांधला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगला. दुपारी पेपर वाचत पडलो की तिथून कुरतडण्याचा आवाज येतो. चिमणी असा आवाज करत नाही, हे आता मला कळतं. मी उठत नाही. तेवढा वेळ घरात कुणीतरी असतं.