मागच्या सीटखालची दोन छिद्रं

नोकरीतले बहुतेक गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेलेत. कलमं विसरलो, आरोपींचे चेहरे विसरलो. नांदेडचा एक कारागीर मात्र विसरलो नाही, कारण त्याला चोर ठरवायची घाई मीच केली होती.

दोन महिन्यांत आमच्या हद्दीतून तीन जुन्या जीप चोरीला गेल्या. काच फुटलेली नाही, कुलूप तोडलेलं नाही. म्हणजे चाव्या डुप्लिकेट. अशात आमचा खबऱ्या आला. "साहेब, तिन्ही गाड्यांत बास एकाच दुकानात बसलाय. बघा तुम्ही." टीप खरी निघाली. तिन्ही मालकांनी कंपनीच्या स्टिरिओला अॅम्प्लिफायर आणि सबवूफर त्याच कारागिराकडून जोडून घेतले होते. त्यासाठी गाडी चावीसकट दिवसभर त्याच्याकडे सोडली होती. आम्हाला तेवढं पुरलं. मी त्याला भरबाजारातून पोलीस गाडीत बसवून ठाण्यात आणलं.

चार दिवस तो सकाळी हजेरी लावून बाकावर बसायचा. दुकानाचं शटर खाली. गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या अर्धवट कामासकट घेऊन गेलेली. चाळिशीचा माणूस, बोटांवर सोल्डरचे चटके. काहीही विचारा, उत्तर एकच. "साहेब, मी चोर न्हाई. माझं काम बघा, मंग बोला." मला राग यायचा. चोर एक तर गयावया करतो, नाही तर अरेरावी. हा दोन्ही करत नव्हता, आणि एवढी साधी गोष्ट मला दिसत नव्हती.

पाचव्या दिवशी लातूरहून एका सहकारी अधिकाऱ्याचा फोन आला. त्यांनी एक जीप संशयावरून अडवली होती. रंग नवा, चेसिस नंबर पुन्हा ठोकल्यासारखा, पण कागदपत्रं चोख. आमच्या फिर्यादींपैकी एक ड्रायव्हर अर्धापूर-नांदेड प्रवासी वाहतूक करायचा. तो जाऊन गाडी बघून आला.

"माझीच वाटून राहिली साहेब," तो म्हणाला, "पण शपथेवर कसं सांगू? बास न्हाई, अॅम्प न्हाई, रंगबी दुसरा."

चेसिस नंबरबद्दल प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागणार होता, तोवर जीप ज्याच्याकडे सापडली तो इसम कागदपत्रं दाखवून ती सोडवून नेणार. गाडी हातची गेली की संशयित म्हणून माझ्याकडे कारागीर एकटा उरणार. तो बाकावरून हे सगळं ऐकत होता. उठला आणि म्हणाला, "चोरानं मशीन काढलं असंल साहेब, माझं काम कसं काढंल?"

मग त्यानं समजावून सांगितलं. या जीपमधल्या स्टिरिओला अॅम्प्लिफायरसाठी वेगळी जोडणी नव्हती, म्हणून त्यानं मागच्या स्पीकरच्या तारांना सांधा देऊन तिथून आवाज घेतला होता. जाड तार थेट बॅटरीपासून आणली होती, वाटेत फ्यूज. राहिली अर्थिंग. बाजारात बरेच जण ती सीटबेल्टच्या बोल्टला आवळून मोकळे होतात. "पट्ट्याचा बोल्ट जिवाचा असतो साहेब. त्याला मी हात लावत न्हाई." तो सीटखाली वेगळं छिद्र पाडायचा, रंग खरवडून पत्रा उघडा करायचा, बोल्ट आवळायचा आणि गंज चढू नये म्हणून भोवती बायकोचं जांभळं नेलपॉलिश लावायचा.

"असं तर तू सगळ्याच गाड्यांत करत असशील," मी म्हणालो.

तो जरा ओशाळला. "या गाडीत चूक झाली व्हती. पहिलं छिद्र पत्र्याखालच्या आडव्या पट्टीवर लागलं. दोन बोटं सरकून दुसरं पाडलं. लाज वाटली म्हून मालकाला सांगितलं न्हाई."

मी सगळं लिहून घेतलं, दोन पंचांसमोर पाकीट सीलबंद केलं, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि आम्ही लातूर गाठलं.

तिथला इसम कडक इस्त्रीचा, बोलायला गोड. मी चोरीचा विषयच काढला नाही. गाडीचं कौतुक केलं. "छान ठेवलीय. जादाचं काही बसवलं होतं का कधी?"

"कायबी न्हाई साहेब. नवी घेतल्यापासून माझ्याकडंच हाय. कंपनीनं दिला तसा स्टिरिओ. स्क्रूसुद्धा खोलला न्हाई."

हेच वाक्य मला हवं होतं. जबाब लिहिला, वाचून दाखवला, सही घेतली. मग पंचांसमोर मागची सीट काढली. रंगाऱ्याचा हात तिथवर पोचलाच नव्हता. दोन छिद्रं, मध्ये दोन बोटांचं अंतर, एकाभोवती जांभळा डाग. स्टिरिओ बाहेर ओढला तर मागच्या स्पीकरच्या तारांवर सांधे. मी पाकीट फोडून मोठ्यानं वाचायला लागलो. तिसऱ्या ओळीला त्या इसमानं पाणी मागितलं.

पुढं तो पोपटासारखा बोलला. छिद्रं पाडली की गाडीत पत्र्याचा कीस पडतो, म्हणून कारागिराकडून निघालेली गाडी शेजारच्या वॉशिंग सेंटरवर जायची, चावीसकट. ते सेंटर या इसमाच्या मेहुण्याचं. साबणाच्या वडीवर चावीचा ठसा घेतला की काम फत्ते. उरलेल्या दोन जीप उदगीरकडच्या एका शेडमधून तशाच मिळाल्या. मला नोकरीत बक्षिसं मिळाली, पण त्या दिवसाइतका आनंद एकाही बक्षिसाचा झाला नाही.

टीप खोटी नव्हती. ती अर्ध्यावर थांबली आणि मीही तिच्याबरोबर थांबलो. दुकानापासून दहा पावलं पुढं गेलो असतो तर एका सरळ माणसाचे पाच दिवस वाचले असते. संशय घ्यायला अधिकार पुरतो. तो उतरवायला मात्र ज्यांच्यादेखत घेतला, त्यांच्यासमोर जावं लागतं.

म्हणून कोर्टाच्या हुकमानं जीप ड्रायव्हरच्या ताब्यात मिळाली, त्या दुपारी मी वर्दीत कारागिराच्या दुकानी गेलो. बाजार भरलेला होता. आजूबाजूच्या दुकानदारांना बोलावून सांगितलं, "चोर यांनीच पकडून दिला. चूक माझी होती." कारागीर मान खाली घालून, ड्रायव्हरनं आणलेल्या नव्या अॅम्प्लिफायरच्या तारा जोडत राहिला. काम संपलं तसं ड्रायव्हरनं बटण दाबलं आणि समोरच्या दुकानांची शटरं थरथरली. एरवी कुणी भरबाजारात असा आवाज केला असता तर मी तिथंच पावती फाडली असती.

कारागिरानं चपापून माझ्याकडं पाहिलं आणि आवाज कमी करायला हात पुढं केला.

"राहू द्या," मी म्हणालो, "अजून थोडा वाढवा."