चोवीस तासांचा सौदा

सिंगापूरला आलो तेव्हा मी गोदामात पेट्या उचलत होतो. पुढे स्वतःची कंपनी काढली: परदेशातून आलेली चित्रं उघडायची, टांगायची, पुन्हा बंद करून पाठवायची. युरोपातली कितीतरी मोठी चित्रं माझ्या हातांनी भिंतीवर चढली. उद्घाटनाचं निमंत्रण मात्र एकदाही आलं नाही.

एके वर्षी व्हिएन्नाहून बारा चित्रं आली. प्रदर्शन चार दिवसांचं, तेही फक्त निमंत्रितांसाठी. त्यातल्या एका चित्रात खिडकीशी बसलेली बाई लोकर गुंडाळते आहे. आर्ट कॉलेजात असताना माझ्या बायकोनं पुस्तकात बघून ते वीसेक वेळा काढलं होतं. चित्रातल्या बाईचे हात काही जमेनात, म्हणून तिनं पेन्सिलच बाजूला ठेवली. चित्र येतंय कळल्यावर ती म्हणाली, "अहो, एकदा बघायला मिळेल का?"

मी आयोजकांच्या मॅनेजरबाईंकडे दोन कार्डं मागितली.

"लिस्ट क्लोज झाली. कॅनॉट लाह," त्या खास सिंगापुरी थाटात म्हणाल्या.

"लिस्टमध्ये वाईनवाला आहे!"

"ते स्पॉन्सर आहेत."

मी इतक्या चढ्या आवाजात बोललो की त्यांनी गार्ड बोलावला.

विमान लांबलं. पेट्या हॉलमध्ये पोचल्या तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि उद्घाटन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला. पेट्यांबरोबर व्हिएन्नाच्या संग्रहालयातली एक करड्या केसांची बाई आली होती. तिनं सांगितलं, चित्रांना इथल्या हवेची सवय होईपर्यंत चोवीस तास पेट्या उघडायच्या नाहीत. मॅनेजरबाईंचा चेहरा उतरला. आदल्या आठवड्यात गार्ड बोलावणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "तुम्ही बोला ना तिच्याशी. तुम्हाला बार्गेनिंग छान जमतं."

मी बोललो. "अठरा तास करा."

"चोवीस."

"वीस. हॉलला एसी आहे."

"चोवीस."

"बावीस. पेट्या मी स्वतः उघडतो."

तिनं घड्याळ बघितलं. "आता तेवीस तास पन्नास मिनिटं."

आयुष्यात पहिल्यांदा मला समोरच्यानं काहीच सोडलं नाही. खरं सांगतो, बाई मला आवडली.

दुसऱ्या दिवशी दोनला पेट्या उघडल्या. आता ती टॉर्च धरून प्रत्येक चित्र तपासणार आणि ती सांगेल ती भेग, तो ओरखडा शेजारी कुणीतरी कागदावर रेखाटून घेणार. या कामाला नेमलेली मुलगी फीत कापताना कोण कुणाच्या डावीकडे उभं राहणार, ते ठरवण्यात अडकली होती.

"तुमचा एखादा माणूस द्या ना," मॅनेजरबाई म्हणाल्या.

"माणूस नाही, बाई आहे. आर्ट कॉलेज केलेली. घेणार?"

बायको बुकित पंजांगच्या आमच्या घरून टॅक्सीनं आली, केससुद्धा धड विंचरलेले नव्हते. हातमोजे घालून ती चित्रांपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. व्हिएन्नावाली भेगा सांगत होती. मध्येच बायको म्हणाली, "इथे अजून एक आहे." भिंग लावून बघितलं तर होती. मग टॉर्च बायकोच्या हातात आला. लोकरवाल्या चित्रापुढे दोघी इतक्या रेंगाळल्या की मॅनेजरबाई घड्याळ दाखवून थकल्या.

साडेसहाला शेवटचं चित्र टांगलं. "थँक यू सो मच! व्हीआयपी येतायत, मागच्या दारानं जाल का, प्लीज?" मॅनेजरबाई म्हणाल्या. निघताना मागे बघितलं तर एक गृहस्थ लोकरवाल्या बाईकडे पाठ करून सेल्फी काढत होते, शेजारी वाईनवाला. मी भांडायला वळलोच होतो, बायकोनं बाही धरून बाहेर ओढलं.

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, माझं चालूच होतं. "वाईनवाल्याला कार्ड आणि आपल्याला मागचं दार..."

"अहो, जरा गप्प बसा. त्या लोकरवालीचा डावा अंगठा मुळात चित्रकाराचाच चुकलाय."

"काय?"

"पुस्तकातल्या छोट्या चित्रात कळत नव्हतं. मी वीस वेळा तो तसाच चुकीचा काढला आणि वाटायचं, माझ्याच हातात काही नाही." तिनं माझ्या खिशातलं पेन काढलं, पेट्यांच्या चलनाचा कागद उलटा केला. "डावा हात वर करा. अंगठा आत. हलू नका."

समोरची माणसं बघायला लागली. मी हात तसाच धरून ठेवला, थेट बुकित पंजांग येईपर्यंत.