खिळेमामांचा समोरचा दात

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सोफे दुरुस्त करायचं दुकान आहे. तिथले कारागीर म्हणजे खिळेमामा. एका हातानं कापड ताणायचं, दुसऱ्यात हातोडी, मग खिळे धरायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून चिमूटभर बारीक खिळे तोंडात. जिभेनं एकेक वळवून समोरच्या दातांत धरायचा, चुंबकी हातोडी ओठांशी नेऊन उचलायचा आणि ठोकायचा. लांबून वाटतं, माणूस हातोडीचे मुके घेतोय.

एका जुन्या सोफ्याची स्प्रिंग उसळली आणि त्यांचा वरचा समोरचा दात मुळासकट गेला. फटीतून खिळे निसटायला लागले. एक खिळा तर मामा गिळता गिळता वाचले. मामा तडक दातांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरबाईंनी साखर विचारली, बीपी विचारलं, सिगारेट ओढता का विचारलं. पोटासाठी काय करता, हे नाही विचारलं. म्हणाल्या, "इम्प्लांट करू. काका, हसाल तेव्हा कुणाला कळणारसुद्धा नाही."

मामांना हसताना आम्ही कधी पाहिलं होतं, देव जाणे.

हिरडी बधिर केली, चिरली, हाडात भोक पाडून धातूचा स्क्रू बसवला, भोवती टाके. दुखलं नाही म्हणाले, पण ड्रिलची घरघर थेट कवटीत ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी ओठ भज्यासारखा सुजला. मामींनी गार, पातळ खायला घातलं. हाड स्क्रूला घट्ट धरेपर्यंत काही महिने थांबायचं, मग पक्का दात. तोवर दिसायला त्याच स्क्रूवर तात्पुरता. "समोरच्या दातानं काही चावू नका," एवढीच ताकीद.

मामांनी ती अक्षरशः पाळली. मामी सफरचंदाचे कागदासारखे काप करायच्या आणि पुटपुटायच्या, "पहिल्या बाळंतपणात मला कुणी एवढं जपलं नव्हतं."

तरीही दात हलायला लागला. डॉक्टरबाईंनी मामांनाच झापलं, "काका, काहीतरी कडक चावलंत तुम्ही. पेशंट खोटं बोलतात, मग आमच्या नावानं ओरडतात."

मी दुकानात पोचले तेव्हा मामा ठोकता ठोकता मामींना हेच सांगत होते. रागानं लाल झाले होते. शब्द मात्र अर्धवटच कळत होते.

"मामा, तोंडात काय आहे?"

"खिळे."

"हलणाऱ्या दातात?"

"मग कुठं धरू? चावू नका म्हणाल्या. मी चावतोय का?"

मामींनी हातातली उशी थेट त्यांच्या पाठीत हाणली. "मी इथं सफरचंद सोलून सोलून म्हातारी झाले, आणि हे लोखंड चघळतायत."

मलाही मामांचा संताप आला. पण त्याहून जास्त आला तो त्या पांढऱ्या कोटाचा. मी मामांना घेऊन दवाखान्यात गेले. खिशातून खिळे काढून त्यांनी टेबलावर ठेवले आणि कसं धरतात ते करून दाखवलं.

बाई म्हणाल्या, "आता काय, प्रत्येकाला विचारत बसू, तोंडात काय काय धरता म्हणून?"

"हो," मी म्हटलं. "विचारा. सिगारेटचं विचारता तसंच."

स्क्रूला हाडानं धरलंच नव्हतं. बोटांनी फिरवला तसा निघून आला. हाड भरलं की पुन्हा बसवू, म्हणाल्या, आणि या वेळी खिळे अजिबात नाहीत.

"पक्का दात बसल्यावर धरू ना?" मामांनी विचारलं.

"तेव्हाही नाही. टवका उडेल, स्क्रूवर ताण येईल. आणि हे बाकीचे स्वतःचे दातसुद्धा झिजवताय तुम्ही."

मामा खुर्चीत सरळ झाले. "बाई, मग तो बसवलात कशाला? मला दात खिळे धरायला हवा होता."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलंत कधी?"

बाई हातमोजे काढत राहिल्या. पुन्हा कधी येणार, असं बाहेर अपॉइंटमेंट लिहिणाऱ्या मुलीनं विचारलं तेव्हा मामा न थांबता दार ढकलून निघाले.

आता मनगटाला चुंबकाचा पट्टा आहे, खिळे त्यावर. काम निम्म्यानं हळू झालंय. हात अजून सवयीनं ओठांकडे जातो, रिकामा परत येतो, आणि दर वेळी मामा त्या फटीतून एक शिवी हासडतात. मामी म्हणतात, तोंडात खिळे नसल्यानं शिव्या मात्र पूर्वीपेक्षा स्वच्छ निघतात.