नववी पसंती

कांचन सबनीस निवडणुकीला उभी राहिली ती हौसेनं नव्हे, रागानं. क्वीन्समधल्या शाळेनं तिच्या अमितला गतिमंद मुलांच्या वर्गात बसवायचं ठरवलं होतं. का, तर पोरगा बोलत नाही. अहो, गेल्या वर्षी साताऱ्याहून परदेशात आलेलं पोर इंग्रजीत बोलणार कसं? अशा मुलांना इंग्रजी शिकवणारा वेगळा वर्ग होता, पण शाळा-मंडळ तोच बंद करायला निघालं होतं. मंडळात आपलं माणूस शिरल्याशिवाय तो वाचत नाही, हे कांचनला कळून चुकलं.

साल १९८६. या मंडळाची निवडणूक न्यारीच होती. काही देशांच्या पार्लमेंटमध्ये एकेका प्रांतातून मतांच्या प्रमाणात बरीच माणसं जातात, तशा इथे साऱ्या वस्तीतून नऊ जागा भरायच्या होत्या. मूठभर लोक एकजुटीनं राहिले तर एक जागा त्यांची. नागरिकत्व नसलं तरी शाळेत मूल असलं की मत होतं. फक्त फुली मारायची नाही, पसंतीचे आकडे घालायचे.

दिवसभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासून कांचन संध्याकाळी वस्तीतल्या मराठी बायकांकडे घरोघर हिंडली. "माझ्या नावापुढे एक लिहा गं. बाकी कुणालाही दोन, तीन. एक विसरलात तर मत बाद!"

रेखावहिनींच्या दारात मात्र तिचं पाऊल अडखळलं. गणपतीत तिनं चारचौघांत त्यांच्या मोदकांना "फुटके" म्हटलं होतं. जीभ तिची तिलाच आवरत नसे. वहिनींनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बघू हं." मराठी माणसाच्या "बघू"चा अर्थ काय सांगायला हवा?

मोजणी शाळेच्या जिममध्ये होती. पहिल्या पसंतीचे गठ्ठे लागले, त्यात कांचनचा एवढासा.

"एवढ्या बायका तोंडावर खोटं बोलल्या?" तिचा नवरा उल्हास पुटपुटला.

बाद मतांचा ढीग मात्र फुगत चालला होता. कांचननं तो बघायला मागितला. मोजणीप्रमुखानं वरचा कागद पुढे सरकवला.

"यात पहिली पसंतीच नाही, मॅडम. तुमच्या नावापुढे नाइन, मग टू, थ्री."

कांचननं कागद जवळ ओढला. तो नऊ नव्हता. तो इंग्रजी 9सारखा दिसणारा आपला मराठी १ होता! बायकांनी तिचं मुकाट ऐकलं होतं. तिनं मराठीत सांगितलं, त्यांनी मराठीत लिहिलं. लॅबमध्ये रोज इंग्रजी आकडे खरडणाऱ्या या शहाणीला तेवढं सांगायचं सुचलं नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं तिला वाटलं.

"हा आमच्या भाषेतला वन आहे."

"तुम्ही उमेदवार, तुम्ही म्हणणारच. मतपत्रिकेवरूनच दिसायला हवं."

"सोयीचा आहे हो तुमचा वन," दुसऱ्या एका उमेदवाराचा माणूस हसला.

कांचन ढीग उपसू लागली. प्रत्येक कागदावर तेच, १, २, ३. अमित त्या वर्गात गेला की त्याच्यावरचा शिक्का जन्मभर पुसणार नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं.

आणि एक कागद हाती आला. त्यावर नऊच्या नऊ आकडे टापटिपीनं भरलेले होते. १ कुणा फ्लॅनरीसाहेबांना होता आणि कांचनच्या नावापुढे ९, लांब शेपटी वळवलेला. ती शेपटी तिच्या ओळखीची होती. रेखावहिनी गोडा मसाला वाटायच्या, तेव्हा डब्यावरच्या तारखेत असाच ९ काढायच्या. कांचनचा जीव जळला. हा अपमान आता स्वतःच्या हातानं चारचौघांत मांडायचा!

तिनं कागद टेबलावर ठेवला. "नऊ आकडे आहेत, सगळे वेगळे. फ्लॅनरींपुढचा हा नाइन असेल, तर माझ्या नावापुढचा हा कोणता? आमचा नाइन असा असतो."

प्रमुखानं एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे या मतदारानं तुम्हाला नववं ठेवलंय?"

"हो," कांचन म्हणाली. "म्हणून तरी माझं खरं माना."

मग त्यानं बाद मतांचा ढीग उचलला आणि पुन्हा मोजायला दिला.

नवव्या जागेवर का होईना, कांचन निवडून आली आणि वर्ग वाचला. पेढ्यांचा पहिला पुडा तिनं रेखावहिनींकडे नेला.

"वहिनी, तुमच्या मतामुळे आले हो मी."

रेखावहिनींचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं, मी तर..."

कांचनच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण जन्मात पहिल्यांदा तिनं जीभ आवरली आणि वहिनींच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.