परवाना नको म्हणणाऱ्या बाई

सबंध सोलापुरात आमच्या भाडेकरू बाईंनी माझं डोकं जितकं खाल्लं, तितकं दुसऱ्या कुणी खाल्लं नसेल. अकरा वर्षं त्या भवानी पेठेतल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहिल्या. शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि आवाज आमच्या मिक्सरच्या वरताण. निवृत्तीनंतर माणसं देवाधर्माला लागतात. बाई वेश्याव्यवसायाच्या कायद्याला लागल्या. "गुन्हा न मानणं वेगळं आणि कायदेशीर करणं वेगळं," हे त्यांनी मला जिन्यात ऐकवलं, गच्चीवर ऐकवलं, आणि माझी दाढ ठणकत असताना दवाखान्याच्या बाकावरही ऐकवलं. तेव्हा मला तोंड उघडता येत नव्हतं, त्यामुळे त्यांना फारच मोकळं मैदान मिळालं. एरवी मी सुटका व्हावी म्हणून "पटलं, पटलं" म्हणत असे.

मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला विहीणबाईंबरोबर नवी पेठेत गेलो, तेव्हा बायकोने हौसेने बाईंना बरोबर घेतलं. दुकानदार बिचारा साड्या उलगडत होता. "तुमच्याकडे परवाना असेल ना?" बाईंनी त्याला विचारलं. "उद्या सरकारने या बायकांनाही परवाने दिले, तपासण्या लावल्या, बसायची गल्ली ठरवून दिली, तर ज्यांना परवाना मिळणार नाही त्या पुन्हा गुन्हेगारच की!"

"कोणत्या बायकांना?" दुकानदाराने विचारलं. बाईंनी खणखणीत आवाजात सांगितलं. आमच्या विहीणबाईंच्या हातातला पदर गळून पडला.

मी चिडून म्हणालो, "आणि फसवून आणलेल्या पोरींचं काय?"

"फसवणं हा गुन्हाच राहणार. मी कुठे नाही म्हणते?" असं म्हणून त्यांनी शांतपणे एक जांभळी साडी बाजूला काढली. वैताग असा, की नेमकी तीच सगळ्यांना आवडली.

मग एका दुपारी बाई खाली आल्या, त्या एका चाळिशीच्या बाईला घेऊन. ती वैरागची, त्यांची जुनी विद्यार्थिनी. बरीच वर्षं तिने हाच धंदा केला होता. पोलिसांनी दम भरल्यामुळे घरमालकाने तिला खोली सोडायला सांगितली होती.

"तुमची मागची खोली रिकामी आहे, ती हिला द्या," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, उद्या पोलीस मलाच धरतील! आणि पेठेत लोक काय म्हणतील?"

"ऱ्हाऊ द्या बाई," ती हळूच म्हणाली. "त्यास्नी बी पोरंबाळं हायती."

आता तासभर व्याख्यान होणार म्हणून मी खुर्चीत सावरून बसलो. पण बाईंनी तिचा हात धरला. दोघी जिना चढून वर गेल्या. महिनाअखेरीला त्यांनी घर सोडलं, आणि तिच्याबरोबर वैरागला राहायला गेल्या.

मध्यंतरी बार्शीला जाताना मी वैरागला उतरलो. दार तिनेच उघडलं. "या की. बाई, कोन आलंय बगा!" बाईंनी घरच्या सगळ्यांची चौकशी केली, पावसापाण्याचं विचारलं. कायद्याचा विषय काही निघेना. शेवटी मीच म्हणालो, "बाई, ते परवान्याचं पुढे काय झालं?"

"चहा घ्या, गार होतोय," त्या म्हणाल्या.

मी चहा घेतला. वरचा मजला अजून कुणाला दिलेला नाही, दोघीही या, असं सांगायचं ठरवून गेलो होतो. एसटी निघाली तरी ते माझ्या तोंडातच राहिलं.